पदराआडचा रस्ता

आमच्या गावावरून पालमला जाणारा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा गावानं नारळ फोडला, पेढे वाटले. मीही एक खाल्ला, खोटं कशाला बोलू. आधीच्या रस्त्यात नुसते खड्डे होते. एसटी डुलत डुलत यायची आणि गेल्यावर बराच वेळ दाताखाली धूळ लागायची. नवा रस्ता बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्यावर भाकरी थापावी आसा हाय." त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या कशाचंच सहसा कौतुक करत नाहीत, म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं.

पेढ्याची चव जायच्या आत कळलं, की रस्ता गाड्यांना मिळाला आणि चालणाऱ्यांचा गेला. सिमेंटचा थर जमिनीपासून हातभर वर आला. त्याच्या दोन्ही कडांना मुरूम टाकून चालायला जागा करायची होती म्हणे. मुरूम टाकलाही, पण पहिल्या दोन-चार पावसांत तो वाहून गेला. उरली ती एका माणसाचं पाऊल कसंबसं मावेल एवढी पट्टी. तिच्या खाली घसरण, घसरणीत वेडी बाभूळ आणि बाभळीच्या पलीकडं आमची काळी रानं. ज्यांनी काळी माती पावसाळ्यात तुडवली नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. दहा पावलं टाकली की चपलेला एवढा चिखल चिकटतो की पाय उचलायला दुसऱ्यानं हात द्यावा लागतो. त्यामुळं बांधावरून जा, रानातून जा, असं सांगणारा माणूस एकतर शहरातला असतो नाहीतर मोटारसायकलवर बसलेला. पायी जाणाऱ्याला त्या एका पट्टीशिवाय जागाच नव्हती. शाळेतली लेकरं, शेळ्या, सरपणाची मोळी, साखर वाढली म्हणून डॉक्टरनं चालायला लावलेली म्हातारी माणसं, सगळी त्या पट्टीवरून एकामागं एक चालायची.

मी फाट्यावरच्या शाळेत शिक्षिका आहे. गावापासून फाटा फार लांब नाही, पण रिक्षा मिळेल याचा भरवसा नसतो. घरात मोटारसायकल एक, आणि ती माझ्या नवऱ्याची. स्कुटी घे, असं शाळेतल्या माझ्या सोबतच्या बाई नेहमी म्हणायच्या. घेतली असती. पण सासरच्या गावातून डोक्यावरचा पदर एका हातानं धरून स्कुटी चालवायची कशी, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

तर मी रोज चालत जायचे, आणि माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ. आमचं रान फाट्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. तिथं विहिरीजवळ एक तुकडा तिनं स्वतःच्या हातानं केलेला होता. मेथी, कोथिंबीर, वांगी, कडेला चार शेवग्याची झाडं. बाकीचं रान घराचं, पण तेवढा तुकडा तिचा. पालमच्या बाजारात तिची मेथी लोक विचारत यायचे. ती बोरी गावची लेक, बोलायला मोकळी, हसायला लागली की थांबायची नाही. घरात ती हळू बोलायची. गावाची कमान मागं पडली की तिचा आवाज वाढायचा आणि विहिरीपाशी पोचली की ती गाणंच म्हणायची. मला तिचा हेवा वाटायचा. माझं तसं ठिकाण म्हणजे शाळेचं फाटक. तिथं पाय ठेवला की मी पदर खांद्यावर घेऊन पिन लावायचे, आणि परत निघताना पिन काढायचे.

पदराचं आता नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या घरात सुना वडीलधाऱ्यांसमोर पदर घेतात, यात नवल काही नाही. घरोघरी तेच आहे. पण आमच्याकडं आणखी एक रीत. वाटेत वडीलधारा पुरुष समोरून आला, तर सुनेनं वाट सोडायची, बाजूला व्हायचं, पदर पुढं ओढायचा आणि त्याच्याकडं पाठ करून तो जाईपर्यंत उभं राहायचं. याला अदब म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार चमत्कारिक वाटलं होतं. माझ्या माहेरी कुणी आलं की आम्ही तोंडभरून बोलायचो. इथं पाठ दाखवायची. वर्षभरात सवय झाली, आणि सवय झाली याचाच मला राग यायचा. अंग आपोआप वळायचं. मनात मी शाळेचा हजेरीपट भरत असले तरी समोर धोतर दिसलं की पाय बाजूला आणि हात पदराला.

या धोतरांत सगळ्यांत मोठं धोतर थोरल्या मामांचं. थोरले मामा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे वारल्यापासून दोन्ही घरं त्यांच्याच शब्दानं चालतात. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. माणूस सरळ आणि कष्टाळू. कुणा सुनेवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कारण सुनांशी ते बोलतच नाहीत. काही हवं असलं तर घरातल्या लेकरांना सांगतात आणि लेकरं नसली तर भिंतीला सांगतात. "च्या झाला का म्हनावं," असं ते भिंतीला विचारायचे तेव्हा मी हातात कप घेऊन त्यांच्यापासून हातभर लांब उभी असायचे. घरात शिरताना ते उंबऱ्याबाहेर खाकरायचे. ते खाकरणं म्हणजे आम्हाला इशारा, पदर घ्या, मी आलो. बोरीची सोयरीक त्यांनीच आणली होती. स्वतः जाऊन पोरगी बघून आले आणि म्हणाले, लेक लाखात एक आहे. त्या लेकीशी त्यांनी पुढं एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

जुन्या रस्त्याला कडेला मोकळी जागा होती. थोरले मामा समोरून आले तर आम्ही बाजूला म्हणजे कडेच्या धुळीत व्हायचो. गाडी आपल्या वाटेनं, आम्ही आपल्या. नव्या रस्त्यानं तेवढंच बदललं. पट्टी एकच. तिच्यावर वडीलधारा समोरून आला तर तो पट्टी सोडून घसरणीत उतरणार नाही. वाट सोडायची ती सुनेनं. आणि सुनेला बाजूला व्हायला जागा कुठली, तर सिमेंटवर. म्हणजे गाड्यांत. तिथं जाऊन रस्त्याला सामोरं नाही, तर पदर पुढं ओढून, कान-डोळे झाकून उभं राहायचं. मी हे रोज करत होते, ती रोज करत होती, गावातल्या सगळ्या सुना रोज करत होत्या. कुणाच्या मनात आलं नाही असं नाही, माझ्या कित्येकदा आलं होतं. पण ते कुणापुढं आणि कोणत्या तोंडानं बोलायचं?

त्या दिवशी सोयाबीन काढणीचा भर होता. आमच्याकडं खळी आता कुणी करत नाही, सिमेंटचा रस्ता आयता मिळाला. सगळं गाव सोयाबीन रस्त्यावर वाळत घालतं. अर्ध्या रस्त्यावर पिवळी पसरण, आणि गाडीनं ती तुडवू नये म्हणून तिच्या कडेला रांगेनं मोठाले गोटे. आमचंही होतं. गाड्या उरलेल्या अर्ध्यातून जायच्या. ड्रायव्हर शिव्या देत जायचे, गाव शिव्या ऐकत सोयाबीन हलवायचं.

पसरण उजव्या बाजूला होती म्हणून आम्ही डाव्या पट्टीनं चाललो होतो, गाड्यांकडं पाठ करून. जाऊ पुढं, मी थोडी मागं. ती वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल काहीतरी सांगत होती आणि मला अर्धं ऐकू येत होतं. समोरून थोरले मामा येताना दिसले. खांद्यावर टॉवेल, हातात काठी, सकाळीच रान बघून परत निघालेले. तिचं बोलणं तुटलं. ती सिमेंटवर उतरली, पदर पुढं ओढला आणि त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली.

त्याच वेळी समोरून एसटी आली. सोयाबीन आणि गोटे चुकवायला ती आमच्या अर्ध्यात घुसली. आणि मागून दूधवाला. त्याच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे कॅन लटकवलेले, दूध नासायच्या आत डेअरीला पोचायची घाई. तो माझ्या अगदी जवळून गेला, कॅन माझ्या पिशवीला घासला. मी ओरडले. "अगं, गाडी! मागं हो!" थोरल्या मामांच्या देखत मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. तिला तो ऐकू गेला, हे मी पाहिलं. तिचा हात हलला. तो आधी पदराकडं गेला. पदर घसरला म्हणून मी ओरडले, असं तिला वाटलं असणार. आमच्या घरात सुनेवर ओरडायला दुसरं कारण नसतं.

मग कॅन लागल्याचा आवाज झाला. पुढचं मला तुटक आठवतं. दूध सिमेंटवरून वाहत घसरणीत जात होतं. दूधवाला गोट्यांवर पडला होता आणि पडल्या पडल्या "मावशी, मावशी" म्हणत होता. एसटीतली माणसं खाली उतरली होती. जाऊ आडवी पडली होती, पाय भलत्याच बाजूला वळलेला, आणि तशा अवस्थेत ती तोंडावर पदर ओढत होती, कारण थोरले मामा तिच्या डोक्याशी उभे होते.

परभणीच्या दवाखान्यात मांडीच्या हाडात सळई घातली. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले पायही वाचेल, पण चालायला हवं, रोज चालायला हवं, नाहीतर पाय आखडून बसेल. ती शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली असेल? मेथीला पाणी कुणी दिलं का.

मग हवालदार आला. कशा उभ्या होत्या, कुठं उभ्या होत्या, गाडी दिसली नाही का. मी तिच्या उशाशी बसले होते. थोरले मामा कॉटच्या पायथ्याशी होते, आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून. सुनेची खोली, म्हणून. ती त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाली, "माजंच ध्यान नव्हतं साहेब. मीच मधी आले." हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगायला तोंड उघडलं. तिनं चादरीखालून माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी म्हणाले, एसटी समोरून आली, दूधवाला मागून आला. ते खरंच होतं. हवालदार गेला.

गावात ज्याच्या-त्याच्याकडं कारण तयार होतं. दूधवाले लय माजलेत. एसटीचे ड्रायव्हर आंधळे आहेत. ठेकेदारानं मुरूम खाल्ला. सोयाबीनचं नाव काढणाऱ्याला मात्र लोक विचारायचे, "मग कुठं वाळवावं, तुझ्या डोस्क्यावर?" आणि सगळ्यांचं बोलून झालं की शेवटी एक वाक्य ठरलेलं, तिनं बघून चालायला पाहिजे होतं. हे वाक्य मी पारावर ऐकलं, किराणा दुकानात ऐकलं, शाळेत सोबतच्या बाईंकडून ऐकलं. बघून चालायचं म्हणता, आणि बघायचं नाही हीच तर तुमची रीत.

शेवटी मी नवऱ्याला म्हणाले, "पदरामुळं झालं हे."

ते म्हणाले, "पदराला काय चाकं हायत का?"

मी म्हणाले, "थोरल्या मामांना वाट द्यायला ती रस्त्यावर उतरली. दिसलं न्हाई तिला."

ते उठले, दार लोटून आले. मग म्हणाले, "हे घराबाहेर बोलू नको. म्हाताऱ्या माणसाला काय वाटंल?" पुढं काही बोलायला जागा ठेवली नाही. वाईट याचं वाटलं, की म्हाताऱ्या माणसाला काय वाटेल हे मलाही वाटत होतं. थोरल्या मामांचा मला राग होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळता येत नव्हतं.

पुढं थोरल्या मामांनी आमच्या घरी येणंच बंद केलं, त्याचं कारण मला माहीत आहे. जाऊ दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात ते बघायला आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि नेहमीसारखे खाकरले. ती पुढच्या खोलीत कॉटवर झोपलेली. खाकरणं ऐकताच ती उठून बसायला गेली, पदर घ्यायला हात उचलला, आणि सळई घातलेला पाय मुरगळला. जी किंकाळी फुटली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. मी धावत आले तोवर उंबऱ्याबाहेर कुणी नव्हतं. नुसता चपलांचा आवाज लांब जाताना ऐकू आला. त्यानंतर त्यांनी आमच्या दारात पाऊल ठेवलं नाही. रस्त्यानंही फारसे दिसायचे नाहीत. रानात बांधाबांधानं जातात, असं कळलं. चिखलातून. त्या वयात.

थंडी पडली, तूर तोडणीला आली, आणि जाऊ अजून अंगणातच होती. डॉक्टरनं चालायला सांगितलेलं, म्हणून ती काठी घेऊन तुळशीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून तुळशीपर्यंत फिरायची. अंगण केवढं, ती केवढी चालणार? रस्त्यावर पाठवायला कुणी तयार नव्हतं. आत्याबाई म्हणायच्या, "रस्त्यानंच खाल्लं हिला, आन् पुन्ना रस्त्यावर?" धाकटे दीर, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचे, रानात काय ठेवलंय, आम्ही आहोत. विहिरीजवळच्या तिच्या तुकड्यात त्यांनी हरभरा टाकला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेतून येता-जाता बघितलं आणि मीही सांगितलं नाही. पण एक दिवस घरात हरभऱ्याची कोवळी भाजी आली आणि ती कुठल्या रानातली, हे तिनं पान बघून ओळखलं. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "अक्का, मला एकदा हिरीपाशी न्या. न्हाई नेलं तर मी हितंच वाळून जाईन. शेवगा तरी माजा हाय का, तेवढं बगू द्या."

मला तिचा आवाज सहन झाला नाही. लग्नाआधी बोरीला शेतभर हुंदडणारी ही बाई तुळशीला फेऱ्या घालत होती, आणि माझ्याकडं शाळेचं फाटक तरी होतं.

त्याच आठवड्यात शाळेत रस्ता सुरक्षेचा तक्ता आला होता. रंगीत, गुळगुळीत. त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडणारी मुलं, बाजूला रुंद पदपथ, लाल-हिरवे दिवे. मी तो वर्गात लावला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, हे कुठं असतंय?" मी म्हणाले, शहरात. ती म्हणाली, "मग हितलं कुठं हाय?" तिला काय सांगणार? मी तक्ता बाजूला ठेवला आणि फळ्यावर आमचाच रस्ता काढला. घसरण काढली, बाभूळ काढली, गोटे काढले. म्हटलं, चालायचं ते उजव्या कडेनं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. गाडी दिसली की थांबायचं, गाडीकडं बघत थांबायचं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आन् आबा आले म्हंजी?" वर्ग हसला. मी हसले नाही. मी म्हणाले, तरी गाडीकडंच बघायचं. हे वाक्य मी वर्गात म्हणू शकले, घरात म्हणू शकत नव्हते.

ग्रामसभेतही मी उठले होते. रस्त्याच्या कडेला मुरूम टाका, एवढंच बोलले. उत्तर मिळालं, मंजूर आहे. मंजूर आहे हे उत्तर असं असतं की त्यापुढं भांडताही येत नाही. गावातल्या पोरांनी माती टाकून एक गतिरोधक केला, तो उसाच्या ट्रकांनी दोन दिवसांत सपाट केला.

शेवटी मी आत्याबाईंच्या मागं लागले. रोज लागले. मी उजव्या कडेनं नेईन, हाताला धरून नेईन, ऊन चढायच्या आत आणीन. आत्याबाई एक दिवस भांडी घासता घासता म्हणाल्या, "घिऊन जा बाई एकदाची. पन पदराचं तेवढं बगा दोघी." त्या असं म्हणणार हे मला ठाऊक होतं. तरी अंगाचा तिळपापड झाला.

रविवार होता. चांगलं उजाडलं होतं, उसाच्या गाड्यांची वर्दळ चालू झाली होती. कमानीपाशी आल्यावर ती थांबली. काठीचं टोक तिनं सिमेंटवर दोनदा वाजवून बघितलं. मी तिला उजव्या पट्टीवर घेतलं आणि मागून तिच्या कमरेला हात लावून चालले. सोयाबीनचे गोटे बाजूला ढकललेले, ते अजून पट्टीवरच पडलेले होते. काम झाल्यावर गोटे कुणी उचलत नाही. प्रत्येक गोट्यापाशी तिला थांबून पाय उचलावा लागायचा. गाडी आली की आम्ही दोघी थांबून गाडीकडं बघायचो. ती दर गाडीला डोळे मिटायची, मी म्हणायचे, उघड. ती घामानं भिजली होती, पण शेवग्याचे शेंडे लांबून दिसायला लागले तेव्हा तिनं माझ्याकडं वळून बघितलं. शेवगा होता.

आणि मग समोरून थोरले मामा.

बांधानं जाणारा माणूस त्याच दिवशी रस्त्यानं का आला, मला माहीत नाही. टॉवेल तोच, काठी तीच. पट्टी एक, आणि तिच्यावर ते समोरून येत होते. त्यांच्या मागं लांब, रस्त्याच्या वळणावर, उसाचा ट्रक दिसत होता. तिनं त्यांना पाहिलं. मला हातातून तिचं अंग कळलं, ते सगळं ताठ झालं. काठी धरलेला हात मोकळा नव्हता, म्हणून दुसरा हात पदराकडं निघाला. आणि तिनं काठी उचलून सिमेंटवर ठेवली. पट्टी सोडायला.

मी तिला गच्च धरलं. बोलायचं ठरवलं होतं, वर्गात बोलले होते, पण शब्द फुटेना.

थोरले मामा थांबले. त्यांनी काठी बघितली, सिमेंटवर टेकलेली. मागं वळून ट्रक बघितला. मग ते पट्टी सोडून खाली उतरले. घसरणीवरून, वेड्या बाभळीत. पाय घसरला, एक हात काट्यांत गेला, धोतराचा सोगा फाटल्याचा आवाज मी ऐकला. सावरून ते उभे राहिले आणि आमच्याकडं पाठ केली. तोंड बाभळीत. जशा आम्ही इतकी वर्षं उभ्या राहिलो, तसे.

आम्हाला हलता येईना. वडीलधाऱ्याच्या पाठीमागून कसं जायचं, याची रीत आमच्यात कुणाला ठाऊक नव्हती. ट्रक आला, वारा मारत निघून गेला, तिचा पदर त्या वाऱ्यानं डोक्यावरून खांद्यावर पडला. ती तशीच उभी.

तेव्हा ते बोलले. भिंतीला नाही, लेकरांना नाही. तोंड काट्यांकडंच होतं, पण बोलले ते तिच्याशी.

"म्होरं बघ, लेकी. गाडी बघ आन् जा. हिकडं कुनी न्हाई."

ती गेली. एक हात काठीवर, एक माझ्या हातात, पदर खांद्यावर, डोळे रस्त्याला लावलेले. विहिरीकडं वळण्याआधी मी मागं बघितलं. ते तसेच बाभळीत उभे होते. आम्ही लांब गेल्याची खात्री झाल्याशिवाय ते वळणार नव्हते, जशा आम्ही कधी वळलो नाही.

रस्ता तसाच आहे. मुरूम अजून मंजूरच आहे. तिचा पाय थोडा आखूड राहिला तो राहिलाच, आणि त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तिच्या मेथीच्या जागी हरभरा उभा होता. ती शेवग्याला टेकून खाली बसली. मला वाटलं आता गाईल नाहीतर रडेल. ती मात्र रस्त्याकडं बघत होती.

"अक्का," ती म्हणाली, "त्यांच्या पायात काटा मोडला आसंल हो."

"मोडू दे," मी म्हणाले, आणि माझंच मला रडू आवरेना.